राउटरमध्ये किती वाजले?

चंद्रपूर-गडचिरोलीतल्या ऑफिसांचे राउटर सांभाळणं हे आमचं काम. नेट चालू असलं की आमची आठवण कुणाला येत नाही. किस्से मात्र साचत जातात. त्यातले निम्मे राउटरच्या घड्याळाचे, आणि त्यात आमचे सीनियर टेक्निशियन रशीदभाऊ असणारच!

*

जिवतीला लाईट गेली की तिथला जुना राउटर बंद पडायचा आणि परत सुरू झाला की थेट १९७० साल दाखवायचा. ते पाहून रशीदभाऊंनी बॅग उचलली.

"कुठं निघाले भाऊ?"

"घरी! अजून आपला जन्म बी झाला नाई, तं ड्युटी कायची करून राह्यला?"

*

राजुऱ्याच्या राउटरला भाऊंनी आपल्या मनगटी घड्याळावरून वेळ लावली. बस चुकू नये म्हणून ते घड्याळ कायम पुढे! एकदा लाईन तुटली आणि लगेच जोडलीही. राजुऱ्याच्या नोंदीत लाईन तुटायच्या आधीच चंद्रपूरच्या नोंदीत ती सुरू झालेली!

आमच्या ऑफिसच्या प्रमुख मेश्राम मॅडमनी विचारलं, "रशीदभाऊ, तुम्ही दुरुस्ती करता की भविष्य सांगता?"

"मॅडम, सर्व्हिस फास्ट आहे आपली!"

*

सिरोंच्याचा नवा राउटर ग्रीनिचच्या वेळेवरच राहिला, म्हणजे साडेपाच तास मागे. तिथल्या ऑपरेटर सुनंदाबाईंचा फोन आला.

"भाऊ, इथी आमची जेवणं झाली, अन् तुमचा राउटर आत्ता कुठी दात घासून राह्यला!"

*

शेवटी मॅडमनी फर्मान काढलं, सगळ्या राउटरांनी चंद्रपूरच्या सर्व्हरला विचारूनच वेळ लावायची. भाऊंनी गडबडीत जिवतीला राजुऱ्याचा पत्ता दिला आणि राजुऱ्याला जिवतीचा. दोघं एकमेकांनाच विचारत बसले. वेळ अगदी जुळली, पण दोघांची चुकीची!

"पन भांडण तं नाई ना त्याइचं!" भाऊ म्हणाले.

*

मार्कंड्याच्या जत्रेत आम्ही तंबूत कॅमेऱ्यांचं नेटवर्क लावलं होतं. एक माणूस रडकुंडीला येऊन तंबूच्या दारातूनच ओरडला, "माझी माय हरवली! दुपारपासून दिसली नाई!" आणि तसाच परत शोधायला पळाला.

दुपारचं रेकॉर्डिंग शोधलं, तर सापडेना. लाईट गेली होती, राउटरचं घड्याळ बिघडलं होतं, आणि कॅमेरे वेळ त्याच्याकडूनच घेत होते. बाजूला वैनगंगा. भाऊंनी कीबोर्ड पुढे ओढला. घड्याळ किती चुकलंय ते कसंबसं मोजलं, त्या हिशोबाने रेकॉर्डिंग मागे नेलं. हिरव्या लुगड्यातली एक म्हातारी गर्दीतून चालत आली आणि आमच्याच तंबूत शिरली!

आम्ही मागे वळलो. कोपऱ्यात घरघरणाऱ्या कूलरसमोर त्याच आजी निवांत बसलेल्या.

भाऊ ओरडले, "बाई, तुमी इथी काऊन बसल्या?"

"माझा पोरगा हरवला ना! तुमी त्याले टीव्हीत शोधून राह्यले, म्हणून गप बसली. सापडला का?"