राजपालची रिक्षा

सास्तूरच्या गुरुलिंग मिस्त्रींचा नियम साऱ्या गावाला ठाऊक होता: कामाचे पैसे मिळाल्याशिवाय गाडी गॅरेजबाहेर जायची नाही. राजपालची रिक्षा अशीच अडकली. इंजिनचं काम झालं होतं, पण न्यायला यायच्या आधीच राजपाल जिन्यावरून पडला. कमरेला जबर मार बसला. पैसे दवाखान्यात गेले आणि रिक्षा गॅरेजमागच्या कडुलिंबाखाली राहिली.

लोहाऱ्याचा एक व्यापारी ती विकत मागायला आला. मिस्त्री म्हणाले, "अडकवून ठेवायचा हक्क माझा हाय, विकायचा न्हाय. मालक राजपालच." कुणी वऱ्हाडासाठी भाड्यानं मागितली, त्यालाही त्यांनी वाटेला लावलं. पण दुकान उघडलं की आधी तिचं इंजिन थोडा वेळ चालू ठेवायचे, बॅटरी उतरू नये म्हणून.

राजपालची बायको चैताली मधूनमधून यायची. सीट पुसायची, आरसा पुसायची. मिस्त्रींची बायको गंगम्मा तिला चहा द्यायची. एकदा कप खाली ठेवत चैताली म्हणाली, "काका, मला शिकवा चालवायला. ह्यांनी व्हय म्हटलंय."

बाजाराच्या मोकळ्या मैदानात शिकवणी सुरू झाली. मिस्त्री स्वतः रिक्षा तिथं न्यायचे आणि शिकवून झालं की परत झाडाखाली आणून लावायचे. पहिल्यांदा तिनं रिक्षा सरळ बाभळीत घातली. पुढं राजपाललाही तिथं खुर्चीत आणून बसवू लागले, तर तो बसल्या जागेवरून "क्लच सोड, हळू सोड!" म्हणून ओरडायचा. कितीतरी दिवसांनी तो हसताना दिसला.

लायसन्स हाती आलं तेव्हा मिस्त्रींनी चावी तिच्यापुढं धरली. तिनं हात मागं घेतला.

"पैसे अजून कुठं दिलेत, काका? गाडी एकदा गेली की तुमच्या हातात काय राहील?"

"काय न्हाय राहणार. पण उभ्या गाडीतनं तू काय कमावणार अन् मला काय देणार, पोरी? ने."

चैतालीनं पदरानं डोळे पुसले आणि चावी घेतली.

पैसे फिटायला बराच काळ गेला. एखाद्या महिन्यात ती रिकाम्या हातानं यायची आणि तसं तोंडावर सांगून जायची. शेवटचे पैसे द्यायला राजपाल स्वतः काठी टेकत आला. मिस्त्रींनी ते न मोजताच खिशात घातले आणि त्याला स्टूल पुढं केलं.

गंगम्मा आता लोहाऱ्याला जायचं तर चैतालीच्याच रिक्षात बसते. चैताली भाडं घेत नाही, गंगम्मा दिल्याशिवाय उतरत नाही, आणि बाकीचे प्रवासी बिचारे खोळंबून बसतात.