कराराबाहेरचं कुंकू

आमच्या सोलापूरच्या गिरणीतला कॉम्प्युटर कुणाच्या जिवावर चालायचा, असं विचाराल तर मी विरुपाक्ष हत्तुरेचंच नाव घेईन. मशीन मात्र त्याचं नव्हतं, गिरणीचंही नव्हतं. मुंबईच्या एका कंपनीनं ते भाड्यानं दिलेलं. बिघडलं तर स्क्रूसुद्धा फिरवायचा नाही, कंपनीचाच माणूस येणार, असा करार. घर आपलं आणि किल्ली शेजाऱ्याकडे!

पगाराचा सगळा प्रोग्राम विरुपाक्षनं लिहिलेला. बदली कामगार, रात्रपाळी, सारखा बदलणारा महागाई भत्ता, हे सगळं त्यात बसवता बसवता त्याचे केस पिकले. शहात्तर सालच्या पावसाळ्यात डिस्क किरकिरायला लागली. त्यानं मुंबईला तारांवर तारा केल्या. उत्तर एकच, सध्या माणूस मोकळा नाही.

तशात खंडेनवमी आली. गिरणीतल्या एकूणएक मशीनची पूजा झाली. कॉम्प्युटरची खोली झाडणारी मल्लव्वा ताट घेऊन दारात उभी राहिली. "सायेब, समद्यांना हळदकुंकू लागलं, हीच काय सवतीची हाय व्हय?"

विरुपाक्षला हसू आलं. "लाव, पण बेतानं." तिनं झाकणावर दोन बोटं टेकवली.

दसरा झाला आणि डिस्क बंद पडली. दिवाळी तोंडावर, पगार अडकलेला. फाटकावर कामगार जमायला लागले. आता मात्र मुंबईचा इंजिनिअर धावत आला. कुंकू दिसताच त्याचा चेहरा उजळला.

"आत कुंकू गेलंय. हा बिघाड कराराबाहेरचा. चूक कबूल केल्याचा कागद द्या, मगच हात लावतो."

मॅनेजर म्हणाले, "त्या बाईचं नाव लिहा. तिला काढून टाकू."

मल्लव्वाचा नवरा अंथरुणाला खिळलेला, घर तिच्या झाडूवर चालायचं. विरुपाक्ष परोपरीनं सांगत होता की किरकिर पूजेच्या आधीची आहे, तारा केल्यात.

"माहीत आहे हो मला. पण फाटकावरच्यांना काय तारा वाटू?" मॅनेजर म्हणाले.

विरुपाक्षनं कागद ओढला आणि 'पूजा मीच केली' असं लिहून दिलं. मी शेजारीच होतो.

कागद बॅगेत गेल्यावर इंजिनिअरनं झाकण उघडलं आणि सहज बोलून गेला, "बेअरिंग झिजलंय. केव्हाचंच गेलेलं दिसतंय."

"मग तसं लिहा की!" विरुपाक्ष ओरडलाच.

"काय लिहायचं ते मुंबई ठरवते."

चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच. त्या माणसाच्या कानाखाली वाजवावी असं मला तेव्हा वाटलं, आजही वाटतं.

पगार वेळेवर झाले. कंपनीच्या अटीप्रमाणे विरुपाक्षला सूतगोदामात पाठवलं. स्वतः लिहिलेल्या प्रोग्रामला हात लावायची त्यालाच बंदी झाली. मल्लव्वाला यातलं कुणी काही सांगायचं नाही, असं त्यानं आम्हाला बजावलं होतं.

दिवाळीत ती करंज्या घेऊन त्याच्या घरी आली. "बगा सायेब, कुंकू लावलं म्हनून तर मशीन परत चालू झालं की! आनि त्येच्याच पुण्याईनं तुमाला गोदामाचं सायेब केलं."

"व्हय, मल्लव्वा," विरुपाक्ष म्हणाला आणि त्यानं करंजी घेतली.