रूळ नसलेल्या पुलावर

मी एकदा आगगाडी थांबवायला गेले होते. लाल लुगड्याचा पदर हातात धरून भर उन्हात पुलावर जाऊन बसले. त्या पुलावरून गाडी जायची माझ्या जन्माआधीच बंद झाली होती, हे तेवढं मला ठाऊक नव्हतं. नातवंडं हे ऐकून हसतात. हसू देत, मीही हसते.

माझं माहेर नंदुरबारचं. आमच्या मिरच्या वाळत घालायच्या पथारीला लागूनच रेल्वेचे रूळ होते. तेवढ्या शेजारावर मी स्वतःला अर्धी स्टेशनमास्तर समजायची. सासर मात्र खांडबाऱ्याकडच्या एका आडगावात. लग्नानंतरची पहिली आखाजी, म्हणजे लेकींनी माहेरी जाऊन झोके घ्यायची अक्षय्य तृतीया, तोंडावर आली होती. गावातल्या सगळ्या सुनांना न्यायला त्यांचे मुराळी येऊन गेले, कुणाचा भाऊ, कुणाचा काका. माझाच भाऊ येईना. तो आला नाही तर माहेरी झोका माझ्याविना, आणि मी इथे चुलीपुढे. या विचाराने घास उतरत नव्हता.

मग डोकं चाललं. नको तिथे ते फार चालायचं. नदीवर, पलीकडच्या काठाशी, रेल्वेचा जुना पूल होता. लाल कापड दाखवलं की गाडी थांबते, हे मी माहेरी पाहिलेलं. पाण्याच्या निमित्ताने निघायचं, गाडी थांबवायची आणि थेट नंदुरबार! माझ्याच वयाच्या नणंदेला गाडी जवळून पाहायची होती. तीही निघाली. घागरी आम्ही विहिरीच्या काठावर ठेवल्या.

गाव सुटलं तसा नुसता भगभगीत माळ. काळ्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा. पुढे नदी, म्हणजे कोरडी वाळू, आणि ती अशी तापलेली की आम्ही तळव्यांना पळसाची पानं बांधली. चार पावलांत पानांचा चुरा झाला. नणंद म्हणाली, "वहिनी, पानी त लेवानंच ऱ्हायनं!"

विहिरीवरून निघालो होतो, आणि प्यायला थेंब नाही. अशी मी हुशार.

"गाडीमा पेसूत," मी ऐटीत म्हटलं.

पुलावर पोचलो तर दगडी खांब, त्यावर गंजलेलं लोखंड, भेगांतून उगवलेली पिंपळाची रोपं. नणंद इकडेतिकडे बघू लागली.

"वहिनी, रूळ कोठे शेत?"

"मातीखाल दबायेल व्हतीन. तुले काय समजस त्यामातलं?" असं म्हणून मी खाली वाकले आणि दगडाला कान लावला. माहेरची पोरं रुळाला लावायची तसा. कानात खरंच घुमलं. उन्हाने डोकं घुमत होतं, दुसरं काय! "ई ऱ्हायनी गाडी!" मी ओरडले आणि पदर हलवू लागले. घुंगट नाही, लाज नाही, जणू मोठी झेंडेवाली. नणंदही टाळ्या पिटू लागली.

तेवढ्यात दूर, नदीवरच्या नव्या पुलावरून गाडी धूर सोडत निघून गेली. इवलीशी, काडेपेटीएवढी. आमच्याकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही. माझा हात वरच राहिला. मग मी खाली बसले आणि रडू लागले. नणंद मात्र अजून तिचे डबे मोजत होती.

आणि वाळूतून कुणीतरी धावत येताना दिसलं. सासू. अंगणातून ओट्यावर जायलासुद्धा जी कधी घाई करायची नाही, ती अनवाणी धावत होती. मेंढरं चारणाऱ्या एका म्हाताऱ्याने तिला आमची वाट सांगितली होती. आता मार बसणार म्हणून मी डोळे मिटले. ती जवळ आली, धापा टाकत खाली बसली, आधी लेकीला चाचपलं, मग मला. घट्ट धरलं. मग माझा पदर माझ्या डोक्यावर सारखा करत म्हणाली,

"तुन्हा भाऊ बैलगाडी लिसन येल शे, ओट्यावर बठेल शे. जा, मन भरी झोका खाय. पन पुढे कोठे जानं व्हई त माले सांगीसन जाजो, पोरी. काठवर घागरी दिखन्यात, मी पहिले विहिरमा डोकाई उनू."