तारेच्या टोकावरच्या उसळ्या

त्या दुपारी माझ्या वर्षभराच्या कामाचा निकाल लागणार होता. सौरवादळाच्या वेळी एका उपग्रहाने पृथ्वीभोवतीच्या प्लाझ्मातलं, म्हणजे विद्युतभारित कणांच्या विरळ ढगातलं, विद्युतक्षेत्र मोजलं होतं. तो उपग्रह स्वतःभोवती फिरतो आणि त्या फिरण्यानेच त्याच्या लांब तारा ताणलेल्या राहतात. तारांच्या टोकांना मोजणारे गोळे असतात. वादळात माझा आलेख करवतीच्या दात्यांसारखा झाला होता. त्या उसळ्या खऱ्या आहेत, असं माझं म्हणणं होतं. गोळा उपग्रहाच्याच सावलीतून गेला की खोटी उसळी येते; नवखी मुलं तिलाच शोध समजतात, असं माझे मार्गदर्शक सर बजावायचे. आज त्यांनी खोटं ठरवलं असतं, तर माझा विषय बंद झाला असता.

सरांबरोबरच्या ऑनलाइन मीटिंगच्या थोडं आधी नेट गेलं. बाहेर आले तर काका वाडीत कोयता घेऊन उभा. आमच्याकडे मोबाइलला रेंज नाही. इंटरनेटची वायर त्याच्या पोफळींवरून येते. ती त्याने तोडली होती.

"माझ्या झाडांना खिळे ठोकलेस? विचारलंस मला, दादा?"

"वायर आहे ती. फास नाही," बाबा म्हणाले.

"तुझी लेक आकाशातला करंट मोजत्येय, आणि मरायचं माझ्या झाडांनी!"

बाबांनी त्याची कॉलर धरली. काकाने कोयता टाकला म्हणून निभावलं. मग मुठी चालल्या. बाबांचं नाक फुटल्याचा आवाज मला ऐकू आला. बाबांनी त्याचं डोकं पोफळीवर आपटलं. पुन्हा आपटलं. आई नुसती "अहो, अहो" करत होती. मी मध्ये शिरले आणि कुणाचं तरी कोपर माझ्या ओठावर बसलं.

"स्टॉप इट!" मी किंचाळले.

दोघे थांबले. काका भुवईवरचं रक्त पुसत म्हणाला, "घ्या. इंग्रजी शाळेची फी वसूल झाली."

आई बाबांना रिक्षाने दवाखान्यात घेऊन गेली. मी स्कूटरवरून जवळचं बोर्ली पंचतन गाठलं, मैत्रिणीच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये बसले आणि कॅमेरा बंद ठेवून आलेख दाखवला.

"सावली आहे ही," सर म्हणाले.

एरवी मी "ओके सर" म्हणून गप्प बसते. ओठ ठणकत होता.

"नाही सर. सावली प्रत्येक फेरीत त्याच कोनावर येते. या उसळ्यांचा कोन बदलतो."

"सावलीतले बिंदू काढून पाहिलेस?"

"काढले. तरी उसळ्या उरतात."



"बरं. तेवढा भाग लिहून आजच पाठव."

"उद्या पाठवते."

"आज काय अडचण आहे?"

"घरी मारामारी झाली, सर," मी म्हणाले, आणि कॅमेरा चालू केला.