दुसरी नळी

बुधवाऱ्यातले चुडामण मिस्त्री जुन्या गाड्यांचे जोड कार्बोरेटर कानानं जुळवतात. दोन्हींचा हवा ओढायचा आवाज सारखा यावा लागतो. एका कार्बोरेटरची रबरी नळी त्यांच्या कानाला, दुसऱ्याची बायकोच्या, मालूबाईच्या. लोक हसायचे. हसोत बापडे. घरात दोघांचं बोलणं बेताचंच. इथं मात्र ती म्हणायची, “अहो, माझा जास्त ओढतो,” आणि ते स्क्रू फिरवायचे. तीस वर्षं.

तिच्या तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी शाहपूरच्या निरंजन पाटलांची गाडी आली. मिस्त्रींनी दोन्ही नळ्या आपल्याच दोन कानांना लावल्या, स्क्रू फिरवले. इंजिन एकसारखं चालू लागलं.

“एकट्याला बी जमतं ना हे,” पाटील म्हणाले.

“पहिल्यापासून जमतं,” मिस्त्री म्हणाले.