पिवळं पाणी

मी निघाले तेव्हा बाबा धानाच्या बांधीतून तसेच सौंदडच्या स्टेशनवर आले होते. गुडघ्यापर्यंतचा चिखल वाळून पांढरा पडला होता. रोवणी सोडून येणं त्यांच्या जिवावर आलं होतं आणि ते त्यांनी लपवलंही नाही. गाडी हलली तशी म्हणाले, "जाऊन राहिली तं नीट जाय. मागं पाहून पाहून पाय नाही उचलत." मी मागे पाहिलंच. ते पाठ करून चालायला लागले होते.

आता मी ग्लासगोत असते आणि आपल्याच बांधीत काय राहतं याचा अभ्यास करते. तुम्हाला गंमत वाटेल, माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांना तर जास्तच. दर रोवणीत गावात कुणीतरी तापायचं, डोळे पिवळे व्हायचे, लघवी बंद व्हायची आणि माणूस जायचं. "पान्यानं धरलं," एवढंच बायका म्हणायच्या. लहानपणी मला त्या साचलेल्या पाण्याची फार भीती वाटायची, कारण त्यात काही दिसत नसे. आता सूक्ष्मदर्शकाखाली दिसतं. काळ्याभोर अंधारात चकाकणारे, पीळदार, वळवळणारे धागे. लेप्टोस्पायरा. उंदराच्या किडनीत हा जंतू गुण्यागोविंदाने राहतो, त्याच्या मुतातून पाण्यात उतरतो आणि भेगाळलेल्या टाचेतून माणसात शिरतो. दिसायला लागल्यावर भीती कमी व्हायला हवी होती. ती वाढलीच.

गेल्या रोवणीत मायचा व्हिडिओ कॉल आला. ती खूश होती. बाबांना ताप होता, डोळे पिवळे झाले होते, म्हणून नवेगाव बांधकडच्या एका कावीळ उतरवणाऱ्याकडे त्यांना नेलं होतं. तिथूनच बोलत होती. हातांना कसल्याशा सालीचा रस चोळून चुन्याच्या निवळीत धुवायला लावतात आणि पाणी पिवळं होतं. मायने फोन परातीवर धरला. हळदीसारखं पाणी आणि त्यात बाबांचे हात. एवढे स्थिर हात मी त्यांचे कधी पाहिले नव्हते.

"पाह्य, उतरून राहिली," माय म्हणाली.

मी लघवीचं विचारलं. कालपासून झालीच नव्हती. बाबा हसून म्हणाले, बरंच आहे, उठावं तरी लागत नाही. सुजलेल्या चेहऱ्याने ते हसत होते आणि तिथे कुणालाच काही चुकल्यासारखं वाटत नव्हतं. ओरडले असते तर मायने फोन ठेवला असता. बाहेर राहणाऱ्या पोरीला सगळ्याचीच घाई असते, हे तिचं ठरलेलं. म्हणून मी म्हटलं, "माय, आता तू धू. तसाच रस लावून, दुसऱ्या पाण्यात."

तिने धुतले. पाणी पिवळं झालं.

मला वाटलं, हा रंग सालीचा आहे हे आता तिला उमजेल. तिने परातीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. चेहरा पार उतरला होता.

"मलेबी झाली का वं?"

उतरवणाऱ्या म्हाताऱ्याने आपले ओले हात धोतराला पुसले. तेही पिवळे होते.

समजावत बसायला वेळ नव्हता. "हो," मी म्हणाले, "दोघांनाही. आत्ताच गोंदियाला निघा." कोहमाऱ्यापर्यंत ऑटो, पुढे जीप. हॉस्पिटलात बाबांना डायलिसिसवर घेतलं. नळीतून रक्त बाहेर फिरताना मायने मला फोनवर दाखवलं आणि विचारलं, यात अजून ते पिवळं पाणी आहे का? पुढे किडन्या चालू झाल्या. बाबांना लघवी झाली हे कळल्यावर मी प्रयोगशाळेत उभ्या उभ्या रडले.

माय अजून समजते की तिलाही कावीळ झाली होती. मी ती समजूत मोडलेली नाही. बाबा पुन्हा बांधीत उतरतात, अनवाणीच. मी पाठवलेले गमबूट चिखलात रुततात म्हणे.

घराची आठवण येते का, असं तुम्ही विचाराल. मी रोज फोन लावते. तो उचलला जातो आणि क्षणभर पलीकडून काहीच येत नाही. तेवढ्या वेळात बाबा माझ्यापुरते गेलेले असतात. माझं घर आता त्या शांततेत आहे, आणि मी तिथे रोज एकटी उभी राहते. मग ते खाकरतात.

"काऊन बोलून नाही राहिली?"