राखणीचा नारळ

कुत्र्याने रस्त्यात घाण केली की सोसायटीतली माणसं प्लास्टिकची पिशवी हातात उलटी घालतात, घाण उचलतात, पिशवी सुलटी करतात आणि गाठ मारतात. माझ्या आईने देवीसमोर ठेवलेला नारळ तसाच उचलला गेला.

मी बारावी पास झाले त्या दिवसाची गोष्ट. आई मासळीबाजारातून थेट आली होती. पाटीत मासळी उरली नव्हती, फक्त नारळ होता. तिने पाटी सोसायटीतल्या देवळाबाहेर ठेवली. नळावर हातपाय धुतले. आत जाऊन देवीच्या शिळेसमोर नारळ ठेवला आणि हात जोडले. तिच्या मागे मी.

तेवढ्यात सोसायटीचे अध्यक्ष आले. झब्बा, कपाळाला गंध. त्यांनी नाकाला रुमाल लावला.

"मावशी, हे इथे नको. वास येतोय हो. इथे सगळी शाकाहारी माणसं येतात."

आई म्हणाली, "मी मांगाला नाय आयले, दादा. सांगाला आयले. पोर पास झाली."

त्यांनी ते ऐकलं नाही. झाडलोट करणाऱ्या बाईला हाक मारली आणि म्हणाले, "हे उचल गं. हात नको लावूस, पिशवी घे."

ती बाई दिघ्याहून कामाला यायची. तिने तसंच उचललं. गाठ मारली. देवळाबाहेर येऊन पिशवी आईच्या पाटीत ठेवली, आणि मागे कोणी बघत नाही अशी खात्री करून त्या गाठीला हात लावून कपाळाला लावला.

आम्ही घरी आलो. आईने गाठ सोडली, नारळ पाण्याने धुतला. त्या नारळाला कसलाही वास नव्हता. धुण्याआधी मी हुंगून पाहिला होता.

आता त्या देवळाबद्दल सांगते. ही सोसायटी उभी आहे ती आमच्या करावे गावाची खाडीकडची जमीन. तिथे एका मोठ्या रानभेंडीच्या झाडाखाली शेंदूर लावलेली काळी शिळा होती. तिला डोळे नव्हते, हात नव्हते, वाहन नव्हतं. आमचे लोक तिला नुसतं आई म्हणायचे. जमीन गेली, झाड गेलं, टॉवर आले. शिळा मात्र हलवायची बिल्डरची हिंमत झाली नाही. मग तिच्याभोवती संगमरवर आला, चांदीचा मुखवटा आला, एसी आला. देवीच्या नावापेक्षा फरशी देणाऱ्याचं नाव मोठ्या अक्षरांत आलं. फ्लॅटच्या जाहिरातीत खाडीचा व्ह्यू, जिम आणि प्राचीन मंदिर हे एका ओळीत छापलं होतं. आम्ही त्या ओळीत नव्हतो.

आमच्या घरची रीत अशी. बाळ झालं, लग्न ठरलं, पावसाळ्यानंतर होडी पहिल्यांदा पाण्यात गेली, घरातलं कोणी वारलं, की शिळेपाशी एक नारळ ठेवायचा. अख्खा. फोडला तर तो प्रसाद होतो, खाऊन संपतो. अख्खा ठेवला की ती राखण. म्हणजे, तू आजवर राखलंस ते आमच्या ध्यानात आहे. पूर्वी उधाणाचं पाणी शिळेपर्यंत यायचं आणि नारळ घेऊन जायचं. मागायचं काहीच नाही. झालेलं सांगायचं आणि परत फिरायचं.

त्या दिवसानंतर आई देवळात गेली नाही. पण तिचं सांगणं थांबलं नाही. देवळाच्या मागे सोसायटीची भिंत, भिंतीच्या मागे खाडीचा चिखल. ओहोटीला ती कांदळवनातून वाट काढत, लुगडं वर खोचून जायची आणि शिळेच्या बरोबर मागे, भिंतीच्या पायाशी नारळ ठेवायची. मला कॉलेजात नोकरी लागली तेव्हा गेली. भावाचं लग्न ठरलं तेव्हा गेली. दर नारळी पुनवेनंतर जायची, जाळ्यात मासळीपेक्षा प्लास्टिक जास्त येऊ लागलं त्या वर्षांतही.

बाबा गेले तेव्हासुद्धा गेली. ते होडी ओढून किनाऱ्याला लावत होते, आणि तिथेच बसले ते उठले नाहीत. तेरावं झालं आणि आई नारळ घेऊन निघाली. मला राग आला. मी इतिहास शिकवते, चार पुस्तकं वाचली आहेत, देवांचे नवस-फेडीचे हिशेब कसे चालतात ते मला ठाऊक आहे. मी विचारलं, आता कसली राखण?

"तो जमिनीवर गेला," ती म्हणाली. "खाडीत नाय गेला. मना त्याचं तोंड बघाला मिललं."

देवीने एवढं राखलं, तेही तिला पुरेसं होतं. मला तेव्हा ते भयंकर वाटलं. अजूनही वाटतं.

ती परत आल्यावर मी मनात साचलेलं बोललेच. म्हटलं, आये, देवी तुला दिसत नाही, तू तिला दिसत नाहीस, मग कशाला चिखल तुडवतेस?

पायाचा चिखल धूत ती म्हणाली, "भित तिनी नाय बांधली."

 हे मी कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं.

गेल्या पावसाळ्यात आई अंथरुणाला खिळली. होड्या किनाऱ्यावर उलट्या पडलेल्या, गाव घरात बसलेलं. एका सकाळी तिने मला खाटेखालून नारळ काढायला लावला. तिने तो आधीच बाजूला ठेवला होता.

"यो माजा," ती म्हणाली. "मी गेले का आत ठेव. भितीच्या मांगं नको."

आयुष्यात तिने मागितलेली ही एकच गोष्ट. तीही देवीकडे नाही, माझ्याकडे. चार दिवसांनी ती गेली.

मग त्या सोसायटीतून फोन आला. देवळाचा वर्धापनदिन होता, आणि भूमिपुत्रांचा सत्कार. अध्यक्ष तेच, आवाजही तोच. फक्त मावशीच्या जागी मॅडम आलं होतं. मॅडम, तुम्ही प्रोफेसर, इथल्या मूळच्या, देवी पिढ्यान्‌पिढ्या तुमच्या पाठीशी कशी उभी राहिली यावर दोन शब्द बोला. त्यांनी मला ओळखलं नव्हतं. मी होकार दिला.

गेले ती आईची पाटी कमरेवर घेऊन. पाटीत तिचा नारळ. पाटीला वास होता, मी ती मुद्दाम धुतली नव्हती. वॉचमनने सलाम ठोकला, कारण पाहुण्यांच्या यादीत माझं नाव होतं.

स्टेजवर शाल आली. चकचकीत कागदात गुंडाळलेलं श्रीफळ आलं. मी ते घेतलं नाही. म्हटलं, आधी माझ्या आईचा नारळ आत ठेवायचाय.

"अरे वा, द्या ना," अध्यक्ष म्हणाले. "गुरुजी फोडतील. व्हिडिओत मस्त येईल."

गुरुजींनी हात पुढे केला. मी पाटी मागे घेतली.

"हा फोडायचा नाही," मी माइकवर म्हणाले. "आणि उचलायचाही नाही."

मग मी दोन शब्द बोलले, पण त्यांनी सांगितलेले नाहीत. पिशवी कशी उलटी घातली, गाठ कशी मारली, ते सांगितलं. माझी आई त्यानंतर कुठून येत होती तेही सांगितलं. समोरच्या खुर्च्यांवरची माणसं मोबाइलमध्ये बघू लागली. अध्यक्ष माझ्या कानाशी आले.

"मॅडम, जुनं सोडा हो. आज तुमचा मान करतोय ना."

"मान नको," मी म्हणाले. "वाट सोडा."

त्यांनी सोडली. कॅमेरा चालू होता, म्हणून असेल.

आत गार होतं. मुखवट्याखाली शिळा जवळजवळ दिसतच नव्हती. मी खाली बसले आणि तळाशी, जिथे काळा दगड जरासा उघडा होता तिथे, नारळ ठेवला. सांगितलं, माझी आई गेली. घरात गेली, पोरांच्या हातचं पाणी पिऊन गेली. ती असती तर तिने एवढंच सांगितलं असतं.

काहीच घडलं नाही. पाठीवरून कोणाचा हात फिरला नाही. आई नव्हती, एवढंच कळत होतं. शाल खुर्चीवर टाकून मी परत आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन पाहिलं. फरशी लख्ख पुसलेली. नारळ नव्हता.

मी कोणाला विचारलं नाही. देवी राखते की नाही, मला आजही माहीत नाही. पण माझी आई राखत होती, हे मी पाहिलं आहे. तिला हाकललं तरी ती येत राहिली. ती राखण आता माझ्याकडे आली आहे.

भावाची बायको गरोदर आहे. बाळ होईल त्या दिवशी मी पुन्हा जाईन. मोठ्या गेटने, भर दुपारी, तीच पाटी घेऊन. नारळ ठेवीन आणि शेजारी बसून राहीन. उचलला तर दुसरा आणीन. तोही उचलला तर तिसरा. चिखलातून मी जाणार नाही, आणि ते बाळही जाणार नाही.

ज्याला उचलायचा असेल त्याने माझ्यादेखत उचलावा. पिशवी न घालता. हाताने.